चुकीचा मालक

आमच्या गावचा फुटबॉल संघ चँपियन कसा झाला, असं मला अजून लोक विचारतात. मला! जिला ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही. त्या क्लबच्या ऑफिसात मी सहा वर्षं टायपिस्ट होते, एवढाच माझा फुटबॉलशी संबंध. कोचला विचाराल तर म्हणेल, मी पळवलं म्हणून. कॅप्टन म्हणेल, डाव्या बाजूला नवा गडी आला म्हणून. कमिटीतले म्हणतील, मैदानावर एकदाचं गवत उगवलं म्हणून. अहो, गवत काय फक्त आमच्या पायांखाली उगवलं होतं? समोरचा संघही त्याच गवतावर खेळत होता ना? पण कोणाला बोलायचं! मला विचाराल तर मी मामांकडे बोट दाखवीन, आणि ते बोट दाखवताना मला माझी लाज वाटेल. का, ते सांगते. नीट सांगता येईलच असं नाही, कारण मला स्वतःलाच त्यातलं अर्धं उमगलेलं नाही.

मामा म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत. माझ्या आईचं माहेर रेवदंड्याकडचं आणि यांचं गावही तिथलंच, आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांना तेवढं नातं पुरतं. क्लबात ते सामानवाले होते. जर्सी धुवायच्या, बूट सांभाळायचे, टॉवेल वाळत घालायचे, खेळाडूंच्या पोटऱ्यांना तिळाचं तेल चोळायचं. खेळाडू त्यांना 'दोद' म्हणत, म्हणजे हिब्रूत काका. ठेंगणे, काटकुळे, डोक्यावर मुंबईहून आणलेली काळी टोपी, आणि पायजमा असा कडक इस्त्रीचा की त्या धुळीच्या गावात बघणाऱ्यालाच संकोच व्हावा. आमचं गाव इस्रायलच्या दक्षिणेला, बेर्शेबाहून बसने तासभर, पुढे नुसतं वाळवंट. मोरोक्कोचे, रुमानियाचे आणि हिंदुस्थानातले आम्ही, असे तीन तऱ्हेचे लोक तिथे आणून टाकलेले. एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि ज्या हिब्रूत बोलायचं ती सगळ्यांचीच मोडकी.

कोकणात आमच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत. तेल गाळण्याचा धंदा, आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद. मामांच्या आजोबांनी तो नियम पाळला, वडलांनी पाळला, मामांनी मुंबईत हॉस्पिटलात वॉर्डबॉय असतानाही पाळला. आणि इथे, यहुद्यांच्या देशात, लीगच्या सगळ्या मॅची शनिवारी! दुसऱ्या कोणी नोकरी सोडली असती, नाहीतर देवाची काहीतरी समजूत घातली असती. मामांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. ते सामन्याच्या दिवशी काम न करणारे सामानवाले झाले. हे ऐकून हसू येतं ना? मलाही यायचं. पण रविवार ते शुक्रवार हा माणूस तिघांचं काम एकटा करायचा, म्हणून कमिटीने कधी तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या आत त्यांची हिरवी लोखंडी ट्रंक भरून, दोरीने बांधून तयार असायची. बाहेरगावी मॅच असली तर मामा शुक्रवारच्या बसने ट्रंक घेऊन एकटेच पुढे जात, ती तिथल्या मैदानाच्या वॉचमनच्या ताब्यात देत, आणि रात्री कोणा नातलगाकडे मुक्काम करत. मामांच्या चुलत्याच्या साल्याचं घर नाही असं एकही गाव या देशात नव्हतं. शनिवारी प्रार्थना, जेवण उरकून ते चालत मैदानावर येत आणि बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसत. मग कशालाही हात लावायचा नाही.

एकदा आम्ही एका गोलने मागे होतो, पाचेक मिनिटं उरलेली. बॉल बाहेर आला तो नेमका मामांच्या पायाशी. आमचे खेळाडू ओरडतायत, "दोद, मार! दोद, फेक!" मामा उठले, दोन पावलं बाजूला सरकले, आणि पाहुण्याला 'बसा' म्हणावं तसा दोन्ही हात पुढे करून बॉलकडे दाखवत उभे राहिले. घ्या, तुमचाच आहे. रेफरी धावत आला आणि मामांना वेळ काढल्याबद्दल ताकीद दिली. आता मला सांगा, हरणारा संघ वेळ कशाला काढेल? हे मी कॅप्टनला विचारलं तर तो म्हणाला, "तू टाइप कर."

माझंही फार काही बरं चाललं नव्हतं, कबूल करते. गावातल्या मॅचच्या दिवशी निकाल वर्तमानपत्रांना फोनवर कळवायचं काम माझ्याकडे. अर्ध्या वेळेनंतर संघ बाजू बदलतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ऑफिसच्या खिडकीतून डावीकडची जाळी दिसायची, ती आमची असं मी पहिल्या दिवशी ठरवून टाकलं. सुरुवातीच्या महिन्यांत एकदा तीन-एकने हरलेली मॅच मी तीन-एकने जिंकलेली म्हणून कळवली. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. कोच लालेलाल होऊन आत आला, पण मामा मात्र खूष. "ऱ्हाऊ दे गो बाय, एक दिस तरी आपन जिंकलो," म्हणाले.

तेव्हा आम्ही हरायचो. सवयीने हरायचो. लोक मॅचला यायचे ते किती गोलने हरतो ते बघायला.

हरल्यावर जे व्हायचं ते मला ऐकूनच ठाऊक, कारण माझ्या टेबलामागे पत्र्याची भिंत आणि पलीकडे खेळाडूंची कपडे बदलायची खोली. गोलकीपर म्हणायचा, माझ्यापुढचे दोघे झोपले होते. ते दोघे म्हणायचे, मधल्यांनी बॉल घालवला. मधले म्हणायचे, पुढच्यांना धावायला नको. पुढचे कोचला शिव्या घालायचे, कोच मैदानाला. अरबी, रुमानियन, फ्रेंच, सगळ्या भाषांतून तेच. बूट भिंतीवर आपटायचे, आणि माझ्या टेबलावरची शाईची दौत हलायची.

आता तो शब्द. हिब्रूत 'मी' म्हणजे 'कोण'. आपल्या लोकांना हे शिकायला फार जड गेलं. मामा क्लबात लागले त्याच आठवड्यातली गोष्ट, त्यांनी चेअरमनच्या दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "मी?" मामा म्हणाले, "मी." आतून पुन्हा, जरा मोठ्याने, "मी?" मामा आणखी नम्रपणे, "मी, मी." असं पाच-सहा वेळा झाल्यावर चेअरमनने दार उघडलं, तेव्हा त्याच्या हातात काठी होती. मामा माझ्याकडे आले नि म्हणाले, "बाय, हा मानूस आत बसून स्वतःलाच हाका का मारतो?" मी समजावून सांगितलं, अहो मामा, इथे मी म्हणजे कोण. ते बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत राहिले. "म्हंजे ह्या देशात येऊन मीच माझा पत्ता हरवला," म्हणाले. शब्द कळला, पण जिभेला वळण लागलं नाही ते नाहीच. आपल्या 'मी'साठी हिब्रूत जो 'अनी' आहे, तो स्वतःबद्दल बोलताना त्यांच्या तोंडून कधी निघायचा नाही. बाकी सगळं वाक्य हिब्रूत आणि मधेच 'मी'. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस सारखा काहीतरी विचारतोय.

एका शनिवारी आम्ही पाच गोल खाल्ले, आपल्याच मैदानावर. आत मारामारी जुंपायची वेळ. कोच दार आपटून शिरला आणि ओरडला, "मी? मी अशेम?" कोण, दोषी कोण? आणि कोपऱ्यातून मामांचा आवाज आला, "मी."

कोच म्हणाला, "तुलाच विचारतोय, कोण?"

"मी," मामा म्हणाले.

"कोण!"

"मी!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग कॅप्टन पत्र्यावर धाडधाड हात मारून ओरडला, "ए हिंदी, याच्या भाषेत याचा अर्थ काय?" हिंदी म्हणजे मी, हिंदुस्थानातली म्हणून. मी भिंतीच्या अलीकडून सांगितलं, "अनी. ते म्हणतायत, दोष त्यांचा." पलीकडे जो हशा उसळला तो थांबेना. शनिवारी बुटाची नाडीसुद्धा न बांधणारा माणूस पाच गोल खाल्ल्याची जबाबदारी घेतोय! कोचसुद्धा हसला, आणि रुमानियाहून आल्यापासून तो हसल्याचं मला तरी ठाऊक नव्हतं.

सोमवारी मी मामांना विचारलं, तुम्ही चुकून बोललात की मुद्दाम? ते बूट तेलाने पुसत होते. म्हणाले, "चुकीला मालक लागतो, बाय. मालक नसला का ती मोकाट सुटते, ह्याला शिंग मार, त्याला शिंग मार. कोनीतरी दावं धरलं का बसते गप." मी म्हटलं, हो, पण चुकून की मुद्दाम? "तेच सांगतोय ना," म्हणाले. यातून तुम्हाला उत्तर मिळालं असेल तर मला सांगा.

त्यानंतर ती एक गंमतच होऊन बसली. बॉल घालवला की कोणीतरी ओरडायचं, "मी?" आणि ज्याने घालवला तो हात वर करून मराठीत सांगायचा, "मी!" मोरोक्कोचा कॅप्टन, कारखान्यातला फिटर गोलकीपर, सगळे. आधी चेष्टेत, मग सवयीने. गोलकीपर स्वतःहून 'मी' म्हणाला की पुढच्या दोघांना भांडायला कारण उरायचं नाही, ते म्हणायचे, नाही रे, आमचंही होतं. पत्र्यापलीकडचे बूट आपटायचे थांबले. पुढच्या हंगामात आम्ही हरण्यापेक्षा बरोबरीत जास्त सुटलो, त्याच्या पुढच्या हंगामात जिंकायला लागलो. बेर्शेबाहून वार्ताहर आला नि त्याने लिहिलं की, या संघाची आरोळी 'कोण?' अशी आहे, पण त्याचा अर्थ कोणीच सांगू शकत नाही. मला विचारायचं त्याला सुचलं नाही.

एका शब्दाने संघ जिंकतो का हो? मलाही पटत नाही. पण दुसरं काय बदललं होतं? कोच तोच, मैदान तेच, डावीकडचा तो नवा गडी तर पुढे दोन वर्षांनी आला.

इजिप्तशी युद्ध होऊन काही महिने झाले होते. वसंत ऋतू, हंगामाच्या शेवटच्या मॅची, आणि आमचं गाव, जे नकाशात शोधायला भिंग लागेल, ते लीगमध्ये पहिल्या नंबरवर. बाजारात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. आणि इथे माझा भाग येतो.

प्रत्येक खेळाडूचं फोटो लावलेलं कार्ड असायचं. मॅचआधी ती रेफरीला दाखवायची, कार्डं नाहीत तर खेळ नाही. ती माझ्या ताब्यात असत. दर शुक्रवारी मी त्यांचं पाकीट मामांच्या ट्रंकवर ठेवायची, मामा ते उचलून अगदी वर, झाकणाखाली ठेवायचे आणि दोरी बांधायचे. कधी बोलावंही लागायचं नाही. त्या शनिवारची मॅच बाहेरगावी होती. शुक्रवारी एका खेळाडूचं कार्ड फाटलं होतं, म्हणून नवा फोटो आणून चिकटवायला मी पाकीट घेऊन बाजारात गेले. फोटो चिकटवला. शब्बाथची भाजी घेतली. आणि बघते तर बसमधून आमचे हे उतरतायत! पाच आठवडे मिलुइमवर होते, म्हणजे राखीव सैनिकांच्या ड्यूटीवर, सिनायमध्ये. पाच आठवड्यांत दोन पत्रं. नखशिखांत धूळ, दाढी वाढलेली, आणि हसत होते. मी तिथेच रडायला लागले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घरी गेलो. फुटबॉल नावाची वस्तू जगात आहे हेच मी विसरले.

शनिवारी दुपारी शेजारणीच्या रेडिओवर ऐकलं, आमचा संघ कागद नाहीत म्हणून मैदानात उतरलाच नाही. मॅच विरुद्ध संघाला बहाल. मी स्वयंपाकघरात गेले. भाजीची पिशवी खुंटीला होती. कोथिंबिरीच्या जुडीखाली ते पाकीट.

रविवारी सकाळी मी पाकीट पर्समध्ये घालून गेले, सांगायचं ठरवून गेले. देवाशप्पथ ठरवून गेले होते. ऑफिसात चेअरमन, कोच, कॅप्टन उभे, आणि मामा टोपी हातात घेऊन दाराशी. कोच ओरडला नाही, हेच वाईट. तो हळूच म्हणाला, "मी?"

मामा म्हणाले, "मी."

कोच त्यांच्याजवळ गेला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोद, आज चेष्टा नको. नीट सांग."

आणि मामा म्हणाले, "अनी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी तो शब्द ऐकला. मग ते माझ्याकडे वळले. "त्यांना सांग गो बाय, पाकीट माझ्या हातात होतं. फुडचं आठवत नाय."

मी सांगितलं. शब्दाला शब्द लावून हिब्रूत सांगितलं. पाकीट माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या काखेत, आणि मी भाषांतर करत उभी.

का? मी आजवर शंभर कारणं शोधली. माझं हिब्रू टायपिंग बेतास बात होतं आणि माझ्या खुर्चीवर चेअरमनच्या भाचीचा डोळा होता, हे एक. सगळं गाव चिडलेलं होतं, हे दुसरं. पण खरं सांगू? मामांनी इतक्या सहज 'मी' म्हटलं की मला वाटलं, यांना कळलंय. माझ्या चुकीचंही दावं यांनी धरलंय. पाच गोलांचं धरलं तसं. मग मी कशाला मधे पडू? असा सोयीचा विचार माणसाला किती पटकन सुचतो!

इथवर असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पाकिटाचं करायचं काय? दुपारी मामा जेवायला गेले तेव्हा मी त्यांच्या खोलीत शिरले आणि फळीवरच्या निळ्या टॉवेलांखाली ते सरकवून दिलं. म्हटलं, सापडेल, विषय मिटेल. दुसऱ्या दिवशी टॉवेल काढताना सापडलं. मामांनी ते दोन्ही हातांत धरलं, नाकाजवळ नेलं, आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मला वाटलं, संपलं, कोथिंबीर. पण ते काहीच बोलले नाहीत. म्हणजे त्यांना नक्की ठाऊक आहे, असं मी मनाशी पक्कं केलं.

त्यांना कोणी काढलं नाही. कोच तर म्हणाला, होतं असं. पण आठवड्याभरात मामांनी चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "डोस्क्याला भोक पडलं का मानसाने चाव्या ठेवू नये," म्हणाले, आणि अश्केलोनला बहिणीकडे निघून गेले. मी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेले होते. डबा पण दिला, घावण्यांचा. बघा, डबा द्यायचं सुचलं.

त्या दोन गुणांनी आमचं पहिलं स्थान गेलं. पुढच्या वर्षी मात्र आम्ही चँपियन झालो. शेवटची मॅच आपल्या मैदानावर होती. अख्खं गाव गच्चीगच्चीवर, आणि बॉल घालवला की हजार लोक ओरडायचे, "मी?" आणि दुसरे हजार हात वर करायचे, "मी!" शाळेतली मोरोक्कन पोरं, रुमानियन म्हाताऱ्या, सगळे मराठीत कबुली देत होते, आणि ती मराठी आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. माझी मुलगी माझ्या कडेवर, तीसुद्धा हात वर करत होती. त्या सगळ्या गर्दीत हात खाली होता तो माझा. लोक आनंदाने रडत होते, त्यामुळे माझं रडणं खपून गेलं.

कॅप्टनने आपल्या दोन मेडलांपैकी एक मला दिलं. "दोदला नेऊन दे. आम्ही पत्र लिहिलं तर उत्तर देत नाही." मग काय, जावंच लागलं.

अश्केलोनला बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूला. बहीण थोरली, विधवा. तिने दारातच मला थांबवून हलक्या आवाजात सांगितलं, "भाऊला जास्त काय विचारू नको हं. त्याच्या लक्षात नाय ऱ्हात. वाईट वाटतं त्याला." तिच्या गळ्यात दोरीला घराची चावी होती.

आत गेले तर मामांनी मला पाहताक्षणी ओळखलं. यांची तब्येत विचारली, मुलीचं वय बरोबर सांगितलं, कुठल्या नंबरच्या बसने आलीस, ती वळसा घालते, पुढचीने यायचं होतंस, म्हणाले. शेवटच्या मॅचचे गोल कोणी कधी मारले ते रेडिओवर ऐकलेलं सगळं पाठ. मी चक्रावले. मग विसरतात काय हे? मेडल हातात दिलं तर ते त्यांनी बहिणीकडे दिलं. "तू ठेव. माझ्याकडनं हरवेल."

"असं काय म्हणता, मामा?"

"खरं सांगतोय. कार्डं हरवली तवापासून भरवसा नाय. गॅसला हात नाय लावत मी. उघडा ऱ्हायला तर बिल्डिंग जायची. बहिनीच्या नातवाला घेऊन रस्त्यापलीकडे नाय जात. बहीन बाहेर गेली का कुलूप लावून जाते, मीच सांगितलंय. इतकी वर्सं केलेलं काम, हातात धरलेलं पाकीट, नि कवा टॉवेलाखाली घातलं ते आठवत नाय म्हंजे काय? रोज बसून आठवतो. येत नाय."

त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या चुकीचं दावं त्यांनी धरलंच नव्हतं, त्यांना ती स्वतःचीच वाटली होती. सव्वा वर्ष मी ज्या समजुतीवर सुखाने झोपले ती माझी मीच रचलेली होती.

मी सांगितलं. फोटो, बाजार, आमचे हे, कोथिंबीर, टॉवेल, सगळं. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

मामा ऐकत राहिले. मग एकेक विचारू लागले, रेफरीसारखे. "निळ्या टॉवेलाखाली?"

"हो."

"तू ठेवलंस?"

"हो, मामा."

"त्या शुक्रवारी ट्रंकेवर पाकीट नव्हतंच?"

"नव्हतं."

"म्हंजे माझ्या हातात आलंच नाय."

"नाही आलं."

"मग आठवंल कुठून!" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आनंद म्हणावा तर तो नव्हता. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बहिणीकडे हात पसरला. "काडेपेटी दे."

"भाऊ, मी करते ना रे..."

"दे म्हनलं."

तिने वरच्या कपाटातून काडेपेटी काढून दिली. मामांनी बटण फिरवलं, एका काडीत शेगडी पेटवली. आधण ठेवलं. आलं ठेचलं, साखर घातली, पत्ती घातली. दूध घालून उकळी आली तशी ज्योत बंद केली, खाली वाकून सिलिंडरचा खटका फिरवला, आणि मागे वळून एकदाही पाहिलं नाही. बहीण पदर तोंडाशी धरून उभी होती.

कप दोनच काढले. एक तिला दिला, दुसरा घेऊन माझ्यासमोर बसले आणि बशीत ओतून पिऊ लागले. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं, आणि तिसरा कप आणायला उठू लागली. मामांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "बस," म्हणाले.

आमच्यात दारी आलेल्या वैऱ्यालाही चहा विचारतात. मामा पीत राहिले, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत, आणि मी समोर बसून राहिले.